दाल फ्रायमध्यें काय तळतात?

हृदयविकाराच्या झटक्यांतून बरा झालेला एक गृहस्थ सहकुटुंब उपाहारगृहांत जेवावयास गेला आहे, अशी कल्पना करावी. तळलेलें वर्ज्य, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. पदार्थांच्या यादींत त्याला प्रथम ‘दाल फ्राय’ दिसते. फ्राय म्हणजे तळणें; तेव्हां ती तो टाळतो. पुढें ‘व्हेज मंचुरियन ग्रेव्ही’ दिसतें. ग्रेव्ही म्हणजे रस्सा, अर्थात् शिजवलेला पदार्थ, असें मनाशीं म्हणून तो तें मागवितो. वस्तुतः दाल फ्रायमध्यें कांहींच तळलेलें नसतें. शिजवून घोटलेल्या डाळीला कांदा, टोमॅटो, लसूण यांची फोडणी, एवढाच तो प्रकार. मंचुरियनचे गोळे मात्र कोबी, गाजर, मैदा व कॉर्नफ्लोअर यांचे बांधून प्रथम भर तेलांत तळलेले असतात, आणि मगच सोया सॉसच्या दाट रसांत सोडले जातात. गृहस्थानें पथ्य पाळलें तें शब्दाचें, पोटाचें मोडलें.

मराठी घरांतील भाषा या बाबतींत काटेकोर आहे. उकडणें, वाफवणें, परतणें, भाजणें आणि तळणें यांत स्वयंपाक करणारें माणूस घोटाळा करीत नाहीं, आणि या भेदांना शास्त्राचाहि आधार आहे. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाहीं. म्हणून उकडलेल्या बटाट्याला तांबूस रंग चढत नाहीं. तळणीचें तेल १७० ते १९० अंशांपर्यंत जातें. सुमारें १४० अंशांपुढें पदार्थांतील प्रथिनांचे घटक व शर्करा यांची क्रिया झपाट्यानें होऊन खमंग वास व तांबूस रंग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनीं १९१२ सालीं तिचें वर्णन केलें. हा रंग भाजूनहि येतो आणि तळूनहि येतो. जिभेला फरक थोडा, पण हिशेबाला मोठा: चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारें ५ ग्रॅम, आणि त्यांत ४५ कॅलरी.

यादींतील शब्द क्रियेचे वाटतात. पुष्कळदां ते भांड्याचे, मसाल्याचे किंवा नुसत्या थाटाचे असतात. ‘कढाई पनीर’ याचा मूळ अर्थ असा कीं, धने व सुक्या मिरच्या ताज्या कुटून कढईंत परतलेलें पनीर. आतां तें एका चवीचें नांव झालें आहे. टेबलावर येणारी तांब्याची चिमुकली कढई बहुधा चुलीवर चढलेलीच नसते. ‘हंडी’चीहि तीच कथा. यांत मालकाची लबाडीच असते असें नव्हे. शंभर-दीडशें नांवांची यादी आणि पाव तासांत ताट पुढें हवें, असा हा व्यवसाय. तेव्हां टोमॅटोचें लाल, काजूचें पांढरें, कांद्याचें पिवळें अशीं वाटणें सकाळींच तेलांत परतून ठेवलेलीं असतात, आणि मागणी येतांच त्यांतून निरनिराळीं नांवें निर्माण होतात.

तंदूर ही तर निराळीच गोष्ट. मातीच्या भट्टीची उष्णता ३०० अंशांच्याहि वर जाते. तापलेल्या भिंती, गरम हवा आणि निखाऱ्यांवर पडणाऱ्या रसाचा धूर अशी तिहेरी आंच तेथें लागते. जेथें भट्टी नाहीं, तेथें विजेची शेगडी, लाल रंग आणि जळत्या कोळशावर तूप सोडून दिलेला धूर एवढ्यावर ‘तंदुरी’ हें नांव भागवितां येतें. चव वाईट लागते असें नाहीं. पण ती भट्टी नव्हे.

अधिक फसवे शब्द म्हणजे ज्यांत तळण्याचा उच्चारहि नसतो ते. ‘क्रिस्पी’ म्हणजे कुरकुरीत. पण कुरकुरीत कशानें? बहुधा पिठांत घोळून तळल्यानें. ‘लॉलीपॉप’, ‘सिक्स्टी-फाइव्ह’, ‘कोळीवाडा’ हीं सारीं तळणाचींच टोपणनांवें. ‘सोते’ हा फ्रेंच शब्द उडी मारण्यावरून आला: थोड्या तेलांत, मोठ्या आंचेवर, भाजी उडवीत परतावयाची. तेथें लोण्याचा गोळा पडला कीं शब्द तोच राहतो, पथ्य मात्र राहत नाहीं. त्या मानानें मासळीच्या खाणावळी प्रामाणिक म्हणावयाच्या: ‘तवा फ्राय’ आणि ‘रवा फ्राय’ यांतून मासा कशावर किंवा कशांत घोळून निघाला, एवढें तरी कळतें.

कायद्यानें या बाबतींत अर्धें पाऊल टाकलें आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं यादींत कॅलरींचा आंकडा द्यावयाचा असतो. आंकड्यावरून तेल कोणत्या टप्प्यास शिरलें तें कळत नाहीं. आणि कोपऱ्यावरच्या एकट्या खाणावळीला तो नियम लागतहि नाहीं.

म्हणून पथ्यकऱ्यानें वाढप्याला ‘हें तिखट आहे काय?’ एवढेंच न विचारतां ‘हें आधीं तळून घेतां काय?’ असें विचारावें. दालवरची फोडणी अगदीं शेवटीं पडते; ती कमी करावयास सांगितली तर आचारी सहज करतो. सकाळच्या वाटणांतलें तेल मात्र त्याला रात्रीं काढतां येत नाहीं, आणि तळलेला गोळा तर पुन्हा कच्चा होत नाहीं.