माहूरच्या रेणुकेचें मुख आणि परशुरामाची कथा

हदगांवाहून उमरखेडच्या वाटेनें माहुरास जातांना पैनगंगा दोनदां ओलांडावी लागते. एकदां उमरखेडच्या अलीकडे, पुन्हा धनोड्यापाशीं. साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक असलेल्या या क्षेत्रीं रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांचीं शिखरें आहेत. गडावरील देवीस हातपाय नाहींत. गाभाऱ्यांत शेंदूर चढविलेला मुखाचा मोठा तांदळा तेवढा आहे. प्रसादहि मुखासच साजेसा, कुटलेल्या विड्याचा.

मुखच कां, याचें उत्तर लोक कथेनें देतात. जमदग्नीच्या वधानंतर परशुरामानें कावडीच्या एका पारड्यांत पित्याचें शव व दुसऱ्यांत माता घेऊन कोरी भूमि शोधिली. माहुरास दत्तात्रेयांच्या आज्ञेनें बाण मारून पाणी काढिलें, तेंच मातृतीर्थ. तेथें पित्यास अग्नि दिला. रेणुका सती गेली. पुढें शोकाकुल पुत्रास आकाशवाणी झाली कीं, माता भूमींतून वर येईल, मात्र मागें वळून पाहूं नको. त्यास धीर धरवला नाहीं. पाहिलें तेव्हां मुखच काय तें वर आलें होतें.

आतां महाभारताचें वनपर्व उघडावें. तेथें पित्याच्या आज्ञेनें केलेला मातेचा शिरच्छेद आहे, वरानें तिचें पुन्हा जिवंत होणें आहे, कार्तवीर्याच्या पुत्रांनीं केलेला जमदग्नीचा वधहि आहे. कावड नाहीं, माहूर नाहीं, सहगमन नाहीं. एवढ्यावरून आमचे संस्कृतज्ञ स्नेही स्थलकथेस मागाहूनची भर म्हणून बाजूस सारतात. तें आम्हांस पटत नाहीं. धडाविरहित मुखाचा उलगडा करावयास शिरच्छेद हातांशीं होताच. तरी माहूरच्या लोकांनीं परशु सोडून पुत्राची उतावीळ स्वीकारली. ही निवड हाच इतिहासाचा पुरावा होय.

असा निषेध जपानांतहि आढळतो. इ. स. 712 मध्यें सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ ग्रंथांत इझानागी मृत पत्नी इझानामी हिला आणण्यास पाताळांत जातो व पाहूं नको म्हटलें असतां पाहतो. तेथें पत्नी कायमची दुरावते; येथें माता अपुरी राहते, पण राहते.

माहूरच्या कथा केवळ देवीभक्तांच्या नव्हत. महानुभाव परंपरेंत चक्रपाणींस दत्तात्रेयांचें दर्शन येथेंच व्याघ्ररूपांत झालें असें सांगतात, आणि त्या पंथाच्या पोथ्यांपैकीं कित्येक सकळ लिपींत आहेत. रुमाल सोडतांना हें ध्यानांत असावें.

पोथी नकलून घेणें सोपें. गोंधळ्याचें सांगणें त्याच्याबरोबर जातें. तें टिपतांना संग्राहकांनीं गांव व तिथि लिहावी, आणि कावडींत कोण होतें, निषेध कोणीं केला, पाहिल्यावर किती अंग वर आलें, हे प्रश्न प्रत्येकास निरनिराळे विचारावे.