‘स्वयंचलित’ बंदूक कोणती म्हणावी?

जुन्या शस्त्रांविषयीं लिहितांना ‘पहिली’ आणि ‘स्वयंचलित’ हीं दोन विशेषणें फार सैलपणें वापरलीं जातात. आईन-इ-अकबरींत सतरा तोफा एकत्र जोडून एकाच बत्तीनें उडविण्याची युक्ति वर्णिली आहे. तेवढ्यावरून मशीनगनचा उगम अकबराच्या दरबारांत झाला असें कोणी म्हटल्यास तें आम्हांस मान्य करतां येणार नाहीं. असल्या विधानांची पारख करण्यास आधीं कसोटी निश्चित झाली पाहिजे.

आमच्या मतें ती कसोटी एकच आहे. गोळी सुटल्यावर रिकामें काडतूस बाहेर टाकणें, नवें काडतूस नळींत सारणें व घोडा पुन्हां चढविणें, हीं कामें कोणत्या शक्तीनें होतात? तीं माणसाच्या हातानें होत असतील तर हत्यार कितीहि जलद असो, तें स्वयंचलित नव्हे. तीं पेटलेल्या दारूच्याच जोरानें होत असतील तर तें स्वयंचलित. त्यांतहि चाप दाबून धरल्यास अखंड झडणारें तें पूर्ण स्वयंचलित, व दर गोळीस चाप नव्यानें ओढावा लागतो तें अर्धस्वयंचलित होय.

ही कसोटी लावतां सतरा तोफांचा जोड एकदम होणारा मारा ठरतो. पुढचा बार भरण्याचें काम गोलंदाजाकडेच राहतें. लंडनच्या जेम्स पकलनें १७१८ सालीं तिवईवरील चकमकीच्या बंदुकीचें पेटंट घेतलें. १७२२ सालीं भर पावसांत तिनें ७ मिनिटांत ६३ बार काढून दाखविले. परंतु तिचें भरलेलें चक्र हातानेंच फिरवावें लागे. अमेरिकेच्या रिचर्ड गॅटलिंगची १८६२ ची अनेक नळ्यांची तोफहि दांडा फिरविल्याखेरीज चालत नसे. म्हणून हीं तिन्ही शीघ्र माऱ्याचीं साधनें होत, स्वयंचलित नव्हेत.

खरी पालट हायरम मॅक्सिमनें घडविली. गोळी सुटतांना बंदूक मागें धक्का देते. आजवर वायां जाणारा हा धक्का त्यानें कामास जुंपला. १८८३ ते १८८५ या काळांत पेटंट झालेल्या त्याच्या यंत्रांत नळी व तिचें मागील तोंड बंद करणारा बोल्ट एकत्र मागें सरतात, मग बोल्ट सुटा होऊन रिकामें काडतूस फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना कापडी पट्ट्यांतील नवें घेतो. मिनिटास सुमारें ६०० गोळ्या अशी तिची गति होती.

हीच शक्ति एका शिपायाच्या खांद्यावरील बंदुकींत आणणें अधिक अवघड होतें. जुन्या काळ्या दारूची काजळी सूक्ष्म भागांत सांचे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूररहित दारू सिद्ध केली व ती अडचण बरीच दूर झाली. मेक्सिकोचा सेनाधिकारी मॅन्युएल मोंद्रागॉन याच्या बंदुकींत नळीला पाडलेल्या छिद्रांतून थोडा वायु खालच्या नळकांड्यांत शिरून दट्ट्या मागें ढकलतो व त्यायोगें बोल्ट उघडतो. मेक्सिकोनें ही अर्धस्वयंचलित बंदूक १९०८ सालीं स्वीकारली. स्वित्झर्लंडमधील न्यूहाउझनच्या कारखान्यास ४००० बंदुकांची मागणी गेली. पण राज्यक्रांति होऊन १९११ सालीं अध्यक्ष पोर्फिरियो दियाझ पायउतार झाले, आणि त्यांपैकीं सुमारें ४०० च मेक्सिकोस पोंचल्या. उरलेल्या पुढें जर्मनीनें घेतल्या. खंदकांतील चिखलापुढें त्या टिकेनात, म्हणून ३० गोळ्यांचा डबा लावून वैमानिकांस देण्यांत आल्या. तिच्या दुर्मिळतेचें कारण असें राज्यक्रांतींत व चिखलांत आहे. तिची रचना कसोटीस पूर्ण उतरते.

तेव्हां एखाद्या संग्रहांतील जुनें हत्यार पाहतांना नळ्या किती व गोळ्या किती हें मोजण्यापूर्वीं दांडा, दट्ट्या वा सरकती नळी यांपैकीं काय आहे तें पाहावें. अकबरकालीन कारागिरांचें कौशल्य यानें उणें होत नाहीं; त्यांच्या नांवावर जें त्यांनीं केलें तेंच नोंदलें जातें.