जिवंत सशांचा जागतिक व्यापार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंजऱ्यातला पांढराशुभ्र प्राणी आणि जोंधळ्याच्या ताटांतून उसळी मारून पळणारा प्राणी, या दोघांनाही मराठीत ससाच म्हणतात. फार तर दुसऱ्याला रानससा म्हटले जाते. त्यामुळे पाळीव ससा हा माणसाळवलेला रानससा आहे, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. जगभरच्या पाळीव सशांचा पूर्वज आयबेरियन द्वीपकल्पातला, बिळात राहणारा ससा आहे आणि त्याची गुणसूत्रे 44 आहेत. भारतातला रानससा आणि युरोपातला तपकिरी रानससा लेपस या वेगळ्या प्रजातीसमूहात मोडतात. त्यांची गुणसूत्रे 48. दोघांचा संकर होत नाही. पाळीव मादी 30 ते 32 दिवसांत विते आणि पिल्ले बिनकेसांची, डोळे मिटलेली असतात. युरोपीय रानसशाची मादी सुमारे 42 दिवस गाभण असते आणि पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पहिला प्राणी पिंजऱ्यात सहज वाढतो, दुसरा कोंडला की बिथरतो. दोघांच्या भावातला फरक बराचसा याच स्वभावातून येतो.

जकातीच्या जागतिक वर्गीकरणात मात्र दोघे एकाच ओळीत बसतात. जिवंत ससे आणि रानससे यांना 0106.14 हा स्वतंत्र क्रमांक 2012 च्या आवृत्तीत मिळाला. त्याआधी ते ‘इतर सस्तन प्राणी’ या गठ्ठ्यात होते. 2012 च्या आधीचे आकडे शोधणाऱ्याला काही सापडत नाही, म्हणून तेव्हा व्यापारच नव्हता असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. व्यापार होता, स्वतंत्र नोंद नव्हती. युरोपीय संघाने आपल्या यादीत या ओळीचेही दोन भाग केले आहेत. बाहेरच्या देशातून येणाऱ्या पाळीव सशांवर 3.8 टक्के आयात शुल्क, इतरांवर शून्य.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज ‘आंतरराष्ट्रीय भावा’चा आहे. आयातीचे एकूण मूल्य भागिले नग किंवा किलो, असा भागाकार करून आलेला आकडा अनेक अहवालांत सशाची जागतिक किंमत म्हणून छापला जातो. तो बाजारभाव नसतो. समजा, एका देशाने कत्तलीसाठी 1,000 ससे प्रत्येकी 5 युरोने आणि पैदाशीसाठी 20 ससे प्रत्येकी 150 युरोने घेतले. एकूण 8,000 युरो, 1,020 ससे. सरासरी सुमारे 7.84 युरो. या भावाने त्या वर्षी एकही ससा विकला गेला नाही. पुढच्या वर्षी पैदाशीचे ससे 20 ऐवजी 40 आले, तर कोणाचाही भाव एका पैशानेही न वाढता सरासरी 10.58 युरोवर जाईल आणि ‘ससे महागले’ असे म्हटले जाईल. त्यात आणखी गुंते असतात. कुठे नोंद नगाची, कुठे वजनाची. निर्यातदार देश बहुधा बंदरापर्यंतचे मूल्य लिहितो, आयातदार त्यात वाहतूक आणि विमा मिळवतो. म्हणून एकाच मालाचे दोन देशांतले आकडे जुळत नाहीत. युरोपीय संघाच्या अंतर्गत व्यवहारात ठरावीक उलाढालीखालच्या व्यापाऱ्यांना तपशील द्यावाच लागत नाही. ज्या देशांचे व्यवहार मोजके असतात, त्यांच्या आकड्यात प्रयोगशाळेसाठी आणलेले थोडेसे रोगमुक्त ससेही वर्षभराची सरासरी उधळून लावू शकतात.

खरा भाव ठरतो तो जवळच्या बाजारात, जिवंत वजनाच्या किलोमागे. इटलीत व्हेरोना येथे उत्पादक आणि खरेदीदारांची समिती मांसासाठीच्या जिवंत सशांचे भाव दर आठवड्याला सुचवते. अडीच किलोपर्यंतचे आणि त्यावरचे, असे दोन गट असतात. स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या बेलपुच या छोट्या गावाचा दर पाहिला जातो. जड ससा नेहमी महाग, असेही नाही. स्पेनच्या ग्राहकाला सुमारे दोन किलोचा लहान ससा हवा असतो, इटलीच्या बऱ्याच भागांत अडीच किलोच्या वरचा. एका देशात पसंतीचा माल दुसऱ्या देशात आडमाप ठरतो. उत्पादन खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्याने लसूणघास आणि धान्याच्या कोंड्याचे दर चढले की ससेपालकाचा नफा आधी घसरतो. विक्रीचा दर मागाहून हलतो, कधी हलतही नाही.

जिवंत ससे जहाजांतून समुद्रापार जातात, ही कल्पनाही वस्तुस्थितीला धरून नाही. ससा घामाने अंग थंड करू शकत नाही; उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. कोंदट गाडीत तो लवकर दगावतो आणि प्रवासात वजनही घटते. युरोपीय संघाच्या नियमानुसार 12 तासांहून लांबच्या प्रवासात दाणापाणी द्यावे लागते. म्हणून कत्तलीचे ससे बहुतेक शेजारच्या देशापर्यंतच जातात. दूरवर जाते ते गोठवलेले मांस. अर्जेंटिनातून युरोपात जाणारे रानसशाचे मांस हे त्याचे जुने उदाहरण आहे.

लांब पल्ल्याचा जिवंत व्यापार मुख्यतः पैदाशीच्या प्राण्यांचा असतो. फ्रान्समधल्या पैदास संस्था निवडलेल्या वंशांची एक दिवसाची पिल्लेही विकतात. हे शक्य होते एका विलक्षण गोष्टीमुळे : ससी पिल्लांना बहुधा दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटेच पाजते. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात खोक्यातली पिल्ले नव्या फार्मवर पोहोचतात आणि तिथल्या दाईमादीखाली सोडली जातात. इथे किंमत मांसाची नसते, अनेक पिढ्यांच्या निवडीची असते.

रानसशाचा व्यवहार याहून निराळा. हंगेरीतून जिवंत रानससे कित्येक दशके इटली आणि फ्रान्सला जात आले आहेत, तिथल्या शिकारीच्या रानांत सोडण्यासाठी. हिवाळ्यात शेतांवर लांबलचक जाळी ताणतात, हाकारे ससे त्यांत पिटाळतात, मग प्रत्येकाला वेगळ्या अंधाऱ्या खोक्यात ठेवतात. टुलेरेमिया हा माणसालाही होणारा रोग त्यांच्यात आढळत असल्याने निर्यातीआधी रक्त तपासले जाते. पकडणे, तपासणे, मरतुक, हे सगळे किमतीत येते. म्हणून हा ससा पाळीव सशाच्या तुलनेत बराच महाग असतो.

‘ससा निरुपद्रवी, त्याला कसली कागदपत्रे’ हा समज सर्वांत महाग पडलेला आहे. 1984 मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत रक्तस्रावी रोग पहिल्यांदा ओळखला गेला आणि वर्षभरात कोट्यवधी ससे मेले. 2010 मध्ये फ्रान्समध्ये त्याच रोगाचा दुसरा विषाणू सापडला. तो पुढे इतर खंडांतही पोहोचला. हा रोग आणि सशांचाच मिक्सोमॅटोसिस हा रोग, दोन्ही जागतिक पशू आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत, त्यामुळे आयातदार देश आरोग्य प्रमाणपत्र मागतो. काही ठिकाणी दारच बंद असते. 1859 मध्ये व्हिक्टोरियात सोडलेल्या मोजक्या सशांनी ऑस्ट्रेलियाची कुरणे फस्त केली. आज क्वीन्सलँडमध्ये पाळीव ससा हौसेसाठी ठेवता येत नाही, संशोधक आणि जादूगार अशा मोजक्यांनाच परवाना मिळतो.

दुर्मिळ प्रजातींवरच्या साइट्स करारात पाळीव ससा नाही. पण आसाम-नेपाळच्या गवताळ तराईतला राठ केसांचा ससा आणि मेक्सिकोचा ज्वालामुखी ससा पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांचा व्यापारी हेतूने आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहे. महाराष्ट्रातल्या माळावरचा रानससाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणे वा विकणे गुन्हा आहे.

पाळीव सशाबाबत भारतात वेगळाच गैरसमज पसरतो. आयातीवर 1898 च्या पशुधन आयात कायद्याचे नियंत्रण आहे, तरी ‘विदेशी जातीचे’ ससे चढ्या भावाने विकणाऱ्या योजना परदेशातल्या मागणीचा हवाला देतात. एक मादी वर्षाला 40 ते 50 पिल्ले देते, हा हिशेब कागदावर खरा असतो. पण किलोभर वजनासाठी सुमारे साडेतीन किलो खाद्य लागते, उन्हाळ्यात मरतुक वाढते, आणि परदेशात जिवंत ससा पाठवायला त्या देशाची आरोग्यविषयक मान्यता लागते. ‘पिल्ले आम्हीच परत घेऊ’ असे सांगणारा विक्रेता ती पिल्ले खाटकाला वा निर्यातदाराला न देता पुढच्या शेतकऱ्याला पैदाशीची म्हणून विकत असेल, तर त्या भावाला बाजाराचा आधार नसतो. नवे शेतकरी येईनासे झाले की खरेदीही थांबते.