परसांतील बारा महिने



टिपेश्वरच्या अरण्यांतून निघालेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरांहून अधिक भ्रमंती करून २०१९ च्या डिसेंबरांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन पोहोंचला. गळ्यांतील पट्ट्यावर बसविलेल्या यंत्रामुळें त्याचा मार्ग साऱ्यांना समजला. आपल्या परसांत येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यांत असा पट्टा नसतो. त्यांचें येणें-जाणें आणि रूप पालटणें कळावयाचें, तर एकच जागा वर्षभर पाहात राहावी लागते. या कामीं कॅमेरा हा उत्तम कारकून आहे. मग तो मोठ्या भिंगाचा असो, वा खिशांतील मोबाइलचा.

जांभळ्या शिंजिराचेंच उदाहरण घ्या. जास्वंदीच्या फुलांतला मध चोरणारा हा चिमुकला पक्षी फाल्गुनांत पाहावा, तर नर निळ्या-जांभळ्या तेजानें झळाळत असतो. विणीचा हंगाम सरला, कीं तोच नर मादीसारखा फिका पिवळसर होतो. गळ्यापासून खालीं एक काळपट पट्टा तेवढा उरतो. सहज पाहणारा या दोहोंना दोन निराळे पक्षी समजेल. परंतु अर्धीं जुनीं, अर्धीं नवीं पिसें ल्यालेल्या नराचें एखादें चित्र मध्यंतरीं हातीं लागलें, म्हणजे कोडें सुटतें. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ आणि झाडाचें नांव टिपून ठेवावें. तारखेवांचून छायाचित्र शोभेचें होईल, पुरावा होणार नाहीं.

आतां ऋतुमानाविषयीं. उन्हाळ्यांत, विशेषतः घाटाखालीं खामगांव-मलकापुराकडे, दुपारचें ऊन इतकें प्रखर असतें कीं चित्रांत पांढरें तें भगभगीत आणि सावली काळीकुट्ट उमटते. तेव्हां सकाळींच, सूर्य पाठीशीं असतांना, काम उरकावें. सावलींत पाण्याचें उथळ परळ ठेवावें. झुडूप जवळ असावें, परंतु मांजराला दबा धरतां येईल इतकें जवळ नसावें. आपण खिडकीआड बसावें. बुलबुल, साळुंकी, खार हीं मंडळी आपणहून येतात.

पावसाळ्यांत ढगांमुळें प्रकाश मऊ, पण मंद असतो. कॅमेरा तिपाईवर ठेवणें बरें. या दिवसांत सरड्याच्या नराचें डोकें व खांदे लालभडक होतात. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखें कांहीं दिसलें, तर निरखून पाहावें. पुष्कळदां ती फुलपाखराची अळी असते. तीच मोठी झाल्यावर हिरवी होऊन पानांत मिसळून जाते. हिवाळ्यांत उत्तरेकडून थिरथिरा येतो आणि शेपटी थरथरवीत कुंपणावर बसतो. दरवर्षींच्या त्याच्या पहिल्या व शेवटच्या चित्राच्या तारखा जुळविल्या, कीं चार-पांच वर्षांत त्याच्या मुक्कामाचें पंचांगच तयार होतें.

एका गोष्टीची मात्र फार काळजी घ्यावी लागते. ती म्हणजे घरटें. शिंजिराचें घरटें कोळिष्टकांनीं विणलेलें, फांदीला लोंबणारें असतें; मादी एकटीच सुमारें १५ दिवस अंडीं उबविते. आड येणारें एखादें पान मोडलें, तर चित्र स्वच्छ निघतें. पण पिलांची सावली जाते आणि कावळ्याला वाट दिसते. आपल्या येरझारांनीं मादी वारंवार उठली, तर अंडीं थंड पडतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वन्य पक्ष्यांच्या घरट्याला उपद्रव देणें हें शिकारींतच गणतो. शस्त्र हातीं न धरतांहि माणूस शिकारी ठरूं शकतो, हें कॅमेरा हातीं घेणाऱ्यानें ध्यानीं ठेवावें.

यासाठीं नियम सोपा आहे. आपण जवळ असतांना मादी घरट्यांत परतत नसेल, तर मुकाट्यानें मागें सरावें. त्या दिवसाचें चित्र बुडालें तरी चालेल. पिलें उडून गेलीं, म्हणजे रिकामें घरटें हवें तितकें न्याहाळतां येतें, आणि पुढच्या फाल्गुनांत जास्वंदीवर टिपावयाला शिंजीरहि उरतात.