ओलं शहर, कोरडं शिवार

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारे शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ कापसासाठी टाकले गेले. वऱ्हाडचा कापूस त्यावरून जंक्शनला यायचा आणि मोठ्या गाडीने मुंबईकडे रवाना व्हायचा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मात्र कोणत्याच गाडीत चढली नाही. वेचणी संपली की थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला. उरलेली धुऱ्यावर रचतात नाही तर पेटवून देतात. रचली तर तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. पेटवली तर धूर होतो आणि जमिनीत जायला हवा तो कार्बन आभाळात जातो.

भाजीबाजार उठल्यावर शहरात याच्या उलट अडचण उरते. कोबीचा पाला, सडके टमाटे, केळीची सालं. हा कचरा इतका ओला की त्याचा ढीग स्वतःच्याच वजनाने दबतो आणि आतली हवा कोंडते. मग हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे कामाला लागतात. दुर्गंधी तर येतेच, शिवाय मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. कचरा डेपोला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहते, तिलाही हाच वायू खाद्य पुरवतो.

कुजवणाऱ्या जिवाणूंचं जेवण आपल्यासारखंच असतं. कार्बन ही त्यांची भाकर, नायट्रोजन हे वरण. एक भाग नायट्रोजनमागे २५ ते ३० भाग कार्बन मिळाला की त्यांचं पोट नीट भरतं. भाजीपाल्यात हे प्रमाण १५-२० च्या घरात असतं, म्हणजे वरण जास्त. पऱ्हाटीत ते पन्नासाच्या वर जातं, नुसती कोरडी भाकर. शहराकडे एक आहे, शिवाराकडे दुसरं. दोन्ही एकत्र आले की पऱ्हाटीचे तुकडे ढिगात पोकळी धरून ठेवतात आणि पाल्याचं पाणी त्यांना ओलावा देतं. मूर्तिजापूरसारख्या गावाचं मला हे भाग्यच वाटतं. मुंबईला पऱ्हाटी कुठून आणायची?

पण पऱ्हाटी चिवट. ती कुजवायची कशी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता आणि त्याचं एक उत्तर कापसाच्याच पैशातून निघालं. १९२४ मध्ये इंदूरला सुरू झालेल्या शेती संशोधन संस्थेला मध्यवर्ती कापूस समितीचं पाठबळ होतं. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. कपाशीची आणि तुरीची धसकटं ते शेतरस्त्यावर अंथरत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाकं ती चेचून काढत. यंत्र नाही, खर्च नाही! पुढे शेण, माती, पाणी आणि ठरावीक दिवसांनी ढीग पालटणं. मेख होती ती या पालटण्यात. त्याला माणसं लागतात आणि उन्हाळ्यात पाणीही.

ती मेख आपल्याच भागातल्या माणसाने काढली. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून ‘नाडेप’ हे खतपद्धतीचं नाव झालं. ढीग पालटण्याऐवजी त्यांनी भिंतीलाच भोकं ठेवली. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं. हवा चारही बाजूंनी आपसूक आत. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर काठाच्या वर दीड फूट जाईपर्यंत रचायचे आणि शेणमातीने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खचतो. पुन्हा भरायचा, भेगा बुजवायच्या. जवळपास दीड टन काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त ९० ते १०० किलो. साडेतीन-चार महिन्यांत तीनेक टन खत मिळतं असं सांगतात. त्यात सतराशे किलोच्या आसपास आपणच घातलेली माती असते, हेही सांगायला हवं. तरी ती माती वाया जात नाही. सुटणारा अमोनिया ती धरून ठेवते.

हे खत हवं आहे तेही जवळच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मूर्तिजापूर तालुका येतो. इथल्या काळ्या जमिनीत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळली की माती दगडासारखी होते. सेंद्रिय खत कणांना पुन्हा दाणेदार बांधतं. शिवाय कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जमिनीतला चुना थोडा सोडवतो आणि त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं.

मात्र कच्चं खत घातलं तर उलटं होतं. अर्धपोटी जिवाणू जमिनीतलाच नायट्रोजन ओढतात आणि कपाशी पिवळी पडते. म्हणून शहरी कंपोस्टच्या मानकात कार्बन-नायट्रोजन प्रमाण २० च्या आत असावं, अशी अट आहे.

खताची ही वाट सुरू होते ती खराट्यापासून, आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्याच दापुऱ्यात, मामाच्या घरी, गाडगेबाबांचं बालपण गेलं. गावात शिरले की आधी खराटा, रात्री कीर्तन. सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, बक्षिसं लावली. खराट्याचं कौतुक झालं. लोटलेला कचरा पुढे कुठे जातो, याचं तेवढं झालं नाही. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. त्यामागचं कारण शेताच्या बांधावर लगेच कळतं. शेतकरी खत घेण्याआधी मूठभर हातावर चोळून पाहतो. त्यात शाम्पूच्या पुडीचा कोपरा किंवा बाटलीची काच निघाली, की पुढचं बोलणंच होत नाही.