पुंगळी अडकते कोठे?

मेढ्याच्या एका शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, ‘एनसीसीच्या .२२ रायफलीत दर बारानंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो, तेव्हा कोठे रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, तेव्हा त्यांच्या पुंगळ्या कोण काढत होते?’

प्रश्न नामी आहे. उत्तर असे, की पुंगळी स्वतःच निघते. दारू जळून झालेला वायू गोळीला पुढे रेटतो, तसाच पुंगळीला मागे रेटतो. पुंगळीच्या पाठीशी जड पोलादी स्लाइड असते. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२० मीटर. स्लाइड २५० ग्रॅमची धरली, तर संवेग अक्षय्यतेनुसार तिला सेकंदाला जेमतेम ३.३ मीटर वेग मिळतो. (नववीच्या वर्गात हे गणित जरूर घालावे.) ऊर्जा भरते सुमारे १.४ जूल, म्हणजे गोळीच्या ऊर्जेचा शंभरावा हिस्सा. एवढ्यात स्प्रिंग दाबायची, हातोडी ताणायची, आकड्याने पुंगळीची कड धरून ती ओढायची आणि मागच्या खुंटीवर आपटून बाहेर भिरकवायची!

हिशेब असा काठावरचा, त्यामुळे थोडी गळतीही भोवते. जलद फेरीत लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर असते. तेथे अडकलेली पुंगळी महागात पडते.

दोष शोधताना पुंगळी कोठे राहिली ते आधी पाहावे. नळीच्या मुळाशीच राहिली, तर आकडा झिजला आहे किंवा त्याखाली काजळी साठून त्याची पकड सुटते आहे. .२२ च्या गोळीला बाहेरून मेण वा वंगण असते. ते काजळीत मिसळून चिकट थर बनतो आणि पुंगळी धरून ठेवतो. निघालेली पुंगळी धुराड्यासारखी उभी चिमटली गेली, तर स्लाइड पुरेशी मागे गेलेली नाही. काडतूस कमजोर असेल, स्प्रिंग जास्त ताठ असेल, किंवा नेमबाजाचे मनगट सैल असेल. मनगट सैल असले की सांगाडाही स्लाइडबरोबर मागे जातो आणि दोघांतले सापेक्ष अंतर घटते. काडतुसे बदलून दोष गेला, तर पिस्तूल उघडण्याचे कारणच नाही. आमच्या मते बहुतेकदा ब्रश आणि चिंधी एवढेच लागते.

बार फुसका वाजला आणि पुंगळीही निघाली नाही, तर मात्र दुसरी गोळी झाडायची नाही. पहिली नळीतच अडकलेली असू शकते. चापावरून बोट काढायचे, नळी लक्ष्याकडेच ठेवायची आणि प्रशिक्षकांना हाक मारायची.