पोराचं कॉलेज बदलायचंय? टी.सी.ची घाई नको

शेतकरी बंधूंनो, निकाल लागला की ऐन पेरणीत घरोघर हा विषय निघतो. पोरगं शहरात एक वर्ष काढून येतं आणि म्हणतं, "आबा, खोलीभाडं अन् मेस परवडत नाही. पुढचं वर्ष तालुक्यालाच करतो." तुम्हालाही पटतं. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून बाप-लेक जुन्या कॉलेजात जातात आणि पहिल्यांदा टी.सी. काढतात. चूक होते ती इथंच.

माझ्याच पुतण्याचं सांगतो. टी.सी. खिशात घालून गडी नव्या कॉलेजात गेला, तर त्याच्या विषयाच्या जागा भरलेल्या. माघारी आला, तर जुन्या पटावरनं नाव कमी झालेलं. महिनाभर हेलपाटे घातले, कपाशीची निंदणी राहिली ती वेगळीच.

तेव्हा आधी नव्या कॉलेजात जा. जागा शिल्लक आहे का ते विचारा, अर्ज द्या आणि प्रवेश देतो असं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या. "या, बघू" एवढ्यावर विसंबू नका. पत्र हाती पडल्यावर जुन्या कॉलेजची ना-हरकत, आणि टी.सी. सगळ्यात शेवटी.

विषय जुळतात का, हेही आधीच बघा. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. पोराचा मुख्य विषय नव्या ठिकाणी शिकवतच नसतील, तर जागा असून उपयोग काय? पहिल्या वर्षाचे क्रेडिट ए.बी.सी. खात्यावर जमा झालेत का, ते पोराला मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये बघायला सांगा.

आणखी एक मेख आहे विद्यापीठाच्या हद्दीची. चाळीसगाव आणि नांदगाव एकाच रेल्वेमार्गावर. पण चाळीसगाव जळगावच्या विद्यापीठात, तर नांदगाव पुण्याच्या. हद्द ओलांडली की स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि अभ्यासक्रम जुळतो का याची तपासणी होते. त्यात दिवस जातात. म्हणून गुणपत्रिका हाती येताच कामाला लागा, पोळ्याची वाट बघू नका.

अर्जात कारण मोघम लिहू नका. "घरगुती अडचण" तर सगळेच लिहितात. वडील आजारी असतील तर डॉक्टरांचा कागद जोडा, पैशाची ओढ असेल तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. तलाठी भाऊसाहेब, या दिवसांत असा अर्ज आला तर चौकशीचा अहवाल तेवढा लवकर द्या.

शिष्यवृत्ती चालू असेल तर कॉलेज बदलण्याआधीच दोन्हीकडच्या क्लार्कला विचारा, अर्ज जुन्या कॉलेजच्या नावावर असतो. आणि मूळ गुणपत्रिका कुणी अडवून ठेवत असेल तर गप्प बसू नका. मूळ कागद तपासून लगेच परत द्यावेत, असं यूजीसीनं २०१८ सालीच बजावलं आहे.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. ती प्रत घरी सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे हरवायची नाही.